बोर्डबाई उठल्या

आमच्या कंपनीत वजनकाटे बनतात, आणि बनतात त्याच्या चौपट दुरुस्तीला येतात. दुकानातले, दवाखान्यातले, गोदामातले, अख्खा ट्रक चढवायचे, चिमूटभर औषध तोलायचे. तीन मजल्यांची इमारत आहे. आत शिरलं की डाव्या हाताला जिना, आणि जिन्याच्या पोटात काचेची एक खोली. खोली म्हणायची आपली रीत. एक खुर्ची, एक टेलिफोनचा बोर्ड आणि एक टेबलपंखा एवढ्यातच ती भरून जायची, हवेलासुद्धा आत यायला दोनदा विचार करावा लागे. त्या खुर्चीत बोर्डबाई बसत.

पगारपत्रकावर त्यांचं नाव होतं, पण ते पगारपत्रकालाच माहीत. बाहेरून आलेला प्रत्येक फोन आधी बाईंच्या कानात, मग आमच्या टेबलावर. त्या उलट आम्हाला आमच्या फोनच्या नंबराने ओळखत. मी दुसऱ्या मजल्यावर सुट्या भागांचा कारकून. माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर बावीस, म्हणून मी बावीस. "बावीस, तुमच्या मेहुण्यांचा फोन आहे, आवाजावरून राहायला येतील असं वाटतंय," असं त्या फोन जोडताना सांगत, आणि मेहुणे खरंच येत.

बाई इथे आल्या होत्या टायपिस्टच्या जागेसाठी. त्या दिवशी ऑपरेटर रजेवर गेलेली. तेव्हाचे साहेब म्हणाले, आठ दिवस बोर्डावर बसा, ती आली की तुम्हाला टाइपरायटर देतो. ती आलीच नाही. तिचं लग्न ठरलं म्हणतात, कुणी म्हणतात तिला दुसरीकडे नोकरी लागली. काही का असेना, ते आठ दिवस चोवीस वर्षं चालले.

चोवीस वर्षं एका खुर्चीत म्हणजे काय, याचा आम्ही कधी विचार केला नव्हता. बोर्ड सोडून उठायचं तर बदली माणूस लागे, आणि बदली माणूस म्हणजे शिपाई. शिपायाला फोनवरचे दोनच शब्द येत, 'हॅलो' आणि 'थांबा', आणि ते तो एकाच गिऱ्हाइकाला आलटून पालटून ऐकवत असे. त्यामुळे बाई दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, तेवढ्याच उठत. डबा तिथेच खात, तोही दोन फोनांच्या फटीत. आम्ही बाकीचे तिसऱ्या मजल्यावर लांब टेबलाशी बसून जेवायचो, एकमेकांच्या डब्यात हात घालायचो. बाई तिथे नसतात हे कुणाच्या लक्षातही येत नसे. घरातली भिंत आज जेवायला का आली नाही, असं कोण विचारतं?

मग नवे साहेब आले. नवा साहेब आला की काहीतरी बदलतो. आधीच्याने पडदे बदलले होते. यांनी सगळ्यांच्या टेबलावर एक कागद फिरवला. येत्या महिन्यापासून बाहेरचे फोन यंत्र उचलेल. यंत्र बोलेल, गिऱ्हाईक नंबर दाबेल, फोन आपोआप त्या त्या विभागात जाईल. कुणी उचलला नाही तर गिऱ्हाइकाचा निरोप व्हॉइस मेलमध्ये साठेल आणि ज्याच्या त्याच्या फोनवर लाल दिवा लागेल. बोर्डाचं पद संपेल, बाईंना 'अन्यत्र सामावून घेतलं जाईल'.

माझं डोकं तापायला कधीच वेळ लागला नाही. बायको म्हणते, दूध परवडलं, ते निदान उतू जायच्या आधी वर येतं. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर मी उभा राहून भाषण केलं. चोवीस वर्षं जिने आपले फोन सांभाळले तिला हे असं एका कागदाने उठवणार, आणि आपण भाजीत बोटं बुडवून बघत बसणार का, असं मी विचारलं. सगळ्यांनी बोटं भाजीतून काढली. आम्ही चौघं जण लगेच खाली गेलो, काचेच्या खोलीसमोर उभे राहिलो आणि बाईंना सांगितलं की घाबरू नका, आम्ही पाठीशी आहोत.

बाईंनी तोंडावर हात दाबला, मान खाली घातली आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. ते पाहून आमच्यातल्या दोघींचे डोळे भरून आले. मी वर आलो आणि त्याच आवेशात अर्ज लिहिला. दुपारी चारपर्यंत त्यावर एकेचाळीस सह्या झाल्या. दुरुस्तीच्या हेड मिस्त्रींनी तर सहीबरोबर तेलाचा अख्खा अंगठा उमटवला.

बाई रडत नव्हत्या. हसू दाबत होत्या. मला हे दोन आठवड्यांनी कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर पुढचं नीट समजणार नाही.

बाईंच्या पायाला भिंगरी होती. आठवडाभर खुर्चीत बसलेली बाई रविवारी सकाळी चहा घेऊन जी बाहेर पडायची ती दिवेलागणीला परत. कुठे जाते, कशाला जाते, तर कुठे नाही आणि कशाला नाही. नुसती चालायची. पूल ओलांडायची, बाजाराच्या मागच्या गल्ल्या धुंडाळायची, पाण्याच्या टाकीपर्यंत चढायची. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे, डोळ्याला भिंग लावून दिवसभर वाकलेले, बोलायला अगदी मोजके. घरी फोन वाजला तर बाई उचलत नसत. हातातलं लाटणंसुद्धा थांबत नसे. उचलायचा तो यजमानांनी, आणि त्यांना बोलायचं जिवावर यायचं, त्यामुळे त्या घरी फोन करणारे हळूहळू पत्र लिहायला लागले होते.

साहेबांचा कागद निघाला त्या संध्याकाळी बाई घरी पोचल्या त्या दारातच म्हणाल्या, बोर्ड जाणार. यजमानांनी डोळ्याचं भिंग काढलं, जरा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग बूट घेऊ." दुकानं बंद व्हायच्या आत दोघं जण गेले आणि चालायचे बूट घेऊन आले, रबरी तळव्याचे, राखाडी. दुसऱ्या दिवसापासून ते बूट बोर्डाखालच्या खणात होते. दोन फोनांच्या मध्ये बाई खण उघडून ते बघत आणि पुन्हा लावून घेत.

यंत्र बसवायला एक बाई आली. उंच, चाळिशीची, खांद्यावर तारांची भेंडोळी, कानावर पेन्सिल. आम्ही तिला तारवाली म्हणायला लागलो आणि तिनेही ते मनावर घेतलं नाही. तिने साहेबांकडून विभागांची यादी घेतली आणि दोन दिवसांत यंत्र लावलं. विक्रीसाठी एक, दुरुस्तीसाठी दोन, सुट्या भागांसाठी तीन, तपासणी आणि शिक्क्यासाठी चार. दुरुस्तीवाल्यांनी चार घंट्यांत फोन उचलला नाही तर तो सुट्या भागांकडे जाईल, सुट्या भागांनी उचलला नाही तर दुरुस्तीकडे. कागदावर सगळं लख्ख होतं. सोमवारी सकाळी चाचणी सुरू झाली.

पहिल्याच तासात घोडं अडलं. गिऱ्हाइकाला विभाग ठाऊक नसतो. त्याला एवढंच ठाऊक की काटा खोटं बोलतोय. आता खोटं बोलणारा काटा दुरुस्तीचा की तपासणीचा की त्याची नुसती स्प्रिंग बदलायची, हे त्या बिचाऱ्याने ठरवायचं. लोक घाबरून एक दाबत. विक्रीचा माणूस फिरतीवर. त्याच्या व्हॉइस मेलमध्ये दुपारपर्यंत त्रेसष्ट निरोप साठले, आणि ऐकले तर त्यातले पन्नास नुसते श्वासाचे होते. उरलेल्यांत लोक विचारत होते, बाई कुठे गेल्या, बाई बऱ्या आहेत ना.

त्या दिवशी दुरुस्तीवाले सगळे मोठा काटा उतरवायला खाली अंगणात, आणि मी रजिस्टर शोधायला माळ्यावर. नेमका एका भंगारवाल्याने दोन दाबला. फोन दुरुस्तीकडे वाजला, कुणी उचलला नाही, माझ्याकडे आला, कुणी उचलला नाही, परत दुरुस्तीकडे गेला. पाऊण तास तो गृहस्थ आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरून पहिल्यावर आणि पहिल्यावरून दुसऱ्यावर फिरत होता. शेवटी फोन ठेवून तो स्वतःच आला, काटा डोक्यावर घेऊन, आणि म्हणाला, चालत यायला मला वीस मिनिटं लागली, हे फोनपेक्षा जवळ आहे.

मला तर आकाश ठेंगणं झालं. मी एकेचाळीस सह्यांचा अर्ज घेतला, जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. भंगारवाला साक्षीला होताच. साहेबांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, ठीक आहे, यंत्र आत्ताच बंद करा, शनिवारी काढूनच टाकू, बाईंनाच ठेवू, तुमच्यासारखं मन असलेली माणसं असली की ऑफिस चालतं. मी तरंगत वर आलो.

अर्ध्या तासाने माझ्या टेबलासमोर बोर्डबाई उभ्या. त्यांना मी दुसऱ्या मजल्यावर प्रथमच पाहत होतो. खाली शिपायाचं 'हॅलो, थांबा, हॅलो' चाललेलं जिन्यातून ऐकू येत होतं, म्हणजे वेळ फार नव्हता. त्यांच्या हातात राखाडी बूट होते. ते त्यांनी माझ्या टेबलावर, स्प्रिंगांच्या डब्याशेजारी ठेवले.

"बावीस," त्या म्हणाल्या, "तुम्ही माझ्यासाठी भांडताय ते फार चांगलं आहे. आता थांबवा."

मला काही कळेना. मी म्हटलं, बाई, आपण जिंकलो.

"तुम्ही जिंकलात. मी परत खुर्चीत गेले. या इमारतीला तिसरा मजला आहे हे मला चोवीस वर्षं नुसतं ऐकून माहीत आहे. तुमचं तोंड मी आज नीट बघतेय. मला वाटलं होतं तुम्ही जाड असाल."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं, घाईघाईत, एका दमात. रविवार, पूल, पाण्याची टाकी, बूट. सांगता सांगता त्यांना पुन्हा ते हसू आलं. या वेळी त्यांनी तोंडावर हात ठेवला नाही, आणि मला लख्ख आठवलं की खांदे असेच हलले होते. मी एकेचाळीस माणसं गोळा करून एका कैद्याच्या कोठडीला बाहेरून दुसरं कुलूप लावलं होतं. करायला गेलो एक, म्हणतात ना. मला इतकी लाज वाटली की मीही हसायला लागलो. शेजारच्या टेबलावरचा तेवीस नंबर म्हणाला, दोघांना काही होतंय का.

त्याच दुपारी आम्ही दोघं जण साहेबांकडे गेलो. बाईंनी सरळच सांगितलं की यंत्र चांगलं आहे, त्याला माहिती चुकीची दिलीय. मला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ द्या, मी ते चालवून दाखवते, आणि चाललं तर मला बोर्डावरून उठवा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अर्ज त्यांच्या समोरच पडला होता. मी तो हळूच उचलला आणि घडी करून खिशात घातला.

तो आठवडा माझ्या नोकरीतला सगळ्यात आनंदाचा. पाच वाजता फोन थंडावले की बाई, तारवाली आणि मी माझ्या लांब टेबलाशी बसत असू. टेबलावर खोक्यांचा तपकिरी कागद पसरला आणि बाई बोलायला लागल्या. चोवीस वर्षांतले फोन त्यांच्या डोक्यात पडून होते. कोण काय विचारतं हे नाही, तर पहिलं वाक्य काय बोलतं हे. बाई म्हणाल्या, कुणी कधीही 'मला दुरुस्ती विभाग द्या' म्हणत नाही. म्हणतात, काटा शून्यावर येत नाही. म्हणतात, काटा हलतच नाही. म्हणतात, शिक्क्याची तारीख उलटली, सरकारी तपासनीस दारात उभा आहे. तारवालीने कानावरची पेन्सिल काढली आणि आपली जुनी यादी खोडली. काटा शून्यावर येत नसेल तर एक. हलतच नसेल तर दोन. शिक्का हवा असेल तर तीन. नवा काटा हवा असेल तर चार. आणि काय झालंय तेच कळत नसेल तर पाच.

पाचची कल्पना बाईंची. तारवाली म्हणाली, पाच कुठे पाठवू. बाई म्हणाल्या, सगळ्यांकडे पाळीपाळीने. आज एकवीस, मग बावीस, मग तेवीस. आणि ज्यांना दाबायचं जमत नाही, जे नुसते हॅलो हॅलो करतात, त्यांनाही दहा सेकंदांनी पाचमध्ये टाका. इतकी वर्षं मी एकटीने ऐकलं, आता थोडं थोडं सगळे ऐका. तारवाली कागदावरून वर बघून म्हणाली की गेली बारा वर्षं ती हेच काम करतेय आणि ज्याला फोन येतो त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

मग चाचणी. यंत्रावर नाही, कागदावर. फोन म्हणून आम्ही माझ्याकडचे नट घेतले. एक नट ठेवायचा, रेघेवरून सरकवायचा, चार घंट्या तोंडाने वाजवायच्या आणि बघायचं कुठे अडकतो. पहिल्या संध्याकाळी तीन नट गोल फिरत राहिले. आम्ही ते फिरवत होतो, फिरवत होतो, आणि तारवाली गंभीरपणे 'ट्रिंग ट्रिंग' करत होती, तेवढ्यात झाडूवाली मावशी आत आली, क्षणभर उभी राहिली आणि दिवा न विझवता परत गेली. शेवटी तारवालीने नियम घातला: फोन दुसऱ्या टेबलावरही उचलला गेला नाही तर तिसरीकडे जायचं नाही, सरळ व्हॉइस मेलमध्ये. आणि बाईंनी त्यावर आपला नियम घातला: लाल दिवा अकरा वाजता आणि चार वाजता विझलेला दिसला पाहिजे.

व्हॉइस मेलसाठी प्रत्येकाने आपल्या आवाजात दोन वाक्यं भरायची होती. हेड मिस्त्री भट्टीसारखे गरम आणि तसेच मोठे. यंत्रासमोर उभे केले की त्यांचा आवाज एकदम बसायचा आणि ते पुटपुटायचे, "मी इथे नाहीये," अगदी चोराने बोलावं तसं. जोरात बोला म्हटलं तर ओरडायचे, "मी इथे नाहीये," आणि ते रस्त्यावर ऐकू जायचं. एकोणीस वेळा भरलं. शेवटी त्यांना पान्हा हातात दिला, एक नट आवळायला लावला आणि आवळता आवळता बोला म्हटलं. तेव्हा कुठे माणसासारखा आवाज आला. नट फिरल्याची बारीक करकर त्यात अजून ऐकू येते.

राहिला मुख्य आवाज, जो सगळ्यात आधी ऐकू येणार तो. तारवालीने आणि मी गृहीतच धरलं होतं की तो बाईंचा. बाईंनी साफ नकार दिला. म्हणाल्या, "माझा आवाज ऐकला की लोक नंबर दाबणार नाहीत, बोलायलाच लागतील. असा आवाज हवा की ऐकल्याबरोबर माणसाने पटकन नंबर दाबून सुटका करून घ्यावी."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाव कुणी घेतलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी साहेबांना विनंती केली की कंपनीचा आवाज तुमचाच शोभेल. साहेब आतून इतके खूश झाले की त्यांनी दार लावून तालीम केली. काचेतून ओठ हलताना दिसत होते. आवाज घुमू नये म्हणून गोदामात, थर्माकोलच्या थप्प्यांमध्ये त्यांना उभं केलं. कोट काढायला ते तयार नव्हते. "काटा हलतच नसेल तर दोन दाबा," असं ते म्हणाले, आणि त्यात इतकी जरब होती की मला वाटलं, काटासुद्धा घाबरून हलेल. बाई थप्पीमागे तोंडात पदर कोंबून उभ्या होत्या. तारवालीने एका फटक्यात भरून घेतलं आणि म्हणाली, उत्तम, पुन्हा नको.

मधल्या काळात मला सह्या परत करायच्या होत्या. हे सह्या घेण्यापेक्षा कठीण निघालं. एकेचाळीस जणांकडे जाऊन सांगायचं की बाईंना वाचवायचं नाही. अर्धे माझ्यावर चिडले. एकाने विचारलं, साहेबांनी तुम्हाला काय दिलं. दोघींनी मला दगाबाज म्हटलं आणि त्या थेट खाली गेल्या, बाईंना खरं काय ते विचारायला. परत आल्या त्या हसत आल्या आणि मग बाकीच्यांना सांगायचं काम त्यांनीच केलं. हेड मिस्त्री म्हणाले, मी कुठे वाचला होता, तुम्ही म्हणालात म्हणून अंगठा दिला, आता नाही म्हणताय तर नाही.

सोमवार उजाडला. नऊला पाच मिनिटं कमी असताना काचेच्या खोलीसमोर इतकी गर्दी होती की खरं गिऱ्हाईक आलं असतं तर त्याला आत यायला जागा नव्हती. बाई खुर्चीत बसल्या होत्या, कानाला लावायचं यंत्र मानेवर, हात मांडीवर. नऊला पहिला फोन आला. बोर्डावरचा दिवा लागला. बाईंचा हात सवयीने उठला. तारवालीने तो हळूच धरला. दिवा दोनदा लुकलुकला आणि विझला, आणि वरून कुठूनतरी, पहिल्या मजल्यावरून, घंटीचा आवाज आला. मग हेड मिस्त्रींचा, "बोला." एवढंच. पण आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो, जणू अंतराळात काही सोडलंय.

दुसरा आला, तिसरा आला. दिवे लागत होते, विझत होते, घंट्या वेगवेगळ्या मजल्यांवर वाजत होत्या, आणि ज्याची घंटी वाजे तो गर्दीतून जिन्याकडे पळे. दहा मिनिटांत गर्दी आपोआप निम्मी झाली. पाचवर आलेला एक फोन माझ्या टेबलावर वाजतोय असं कुणीतरी ओरडलं म्हणून मीही धावलो. एक आजी होत्या. त्यांना साहेबांचा आवाज ऐकून भीती वाटली होती. त्यांच्या दुकानातला काटा शून्यावर येत नव्हता, आणि एक दाबायला सांगितलं होतं, पण त्यांनी विचार केला की पाच मोठा आहे, तोच दाबावा.

मी परत आलो तेव्हा बाईंच्या पायात राखाडी बूट होते. त्यांनी कानाचं यंत्र मानेवरून काढलं, बोर्डाच्या खिळ्याला अडकवलं, खोलीबाहेर आल्या आणि चालायला लागल्या.

पहिला मजला, दुसरा मजला. प्रत्येक टेबलाशी थांबून त्या आधी डोळे मिटायच्या, समोरच्याला बोलायला सांगायच्या आणि मग डोळे उघडायच्या. "तुम्ही अठरा? मला वाटलं तुम्हाला मिशी असेल." "एकतीस, तुम्ही इतक्या लहान आहात होय." लोकांना हसू आवरेना. स्वतःचीच ओळख करून घ्यायला माणसं रांगेत उभी राहिली. तिसऱ्या मजल्यावर, जेवणाच्या टेबलापलीकडे, तपासणीची खोली आहे. तिथे वजनं पितळेची, किलोकिलोने रांगेत लावलेली, आणि मध्ये जमिनीलगत मोठा काटा. बाई त्यावर चढल्या. मग तारवाली चढली. मग मी. मग दोन्ही टायपिस्ट. काट्याची सुई थरथरत वर गेली आणि हेड मिस्त्री जिन्यातून म्हणाले, अजून तिघं मावतील, आणि स्वतःही चढले. साहेब आवाज कसला म्हणून वर आले. त्यांना कुणीतरी हात दिला आणि तेही, कोटासकट, चढले. चारशे चाळीस किलो भरलं. तपासणीच्या खोलीतल्या माणसाने ते रजिस्टरमध्ये लिहिलं. म्हणाला, या खोलीत जे तोललं ते लिहायचा नियम आहे.

त्याच वेळी, काट्यावर उभं असतानाच, बाईंनी साहेबांना विचारून घेतलं. 'अन्यत्र' म्हणजे कुठे ते ठरलं नव्हतं. बाई म्हणाल्या, अर्धी गिऱ्हाइकं काटा इथपर्यंत आणू शकत नाहीत. मला वजनांची पिशवी द्या आणि यादी द्या, मी जाऊन बघत जाईन, जागच्या जागी होणारं काम तिथेच करीन. जागच्या जागी होणारं काम कोणतं हे हेड मिस्त्रींनी शिकवावं. सातजणांच्या गर्दीत नाही म्हणायला साहेबांना मागे सरकायलाही जागा नव्हती. ते हो म्हणाले.

महिनाभर बाई मिस्त्रींकडे शिकल्या. त्यांना बारीक कामाची नजर होती, घड्याळजींच्या घरात वीस वर्षं काढल्यावर ती येणारच. पहिल्या फेरीला मला बरोबर पाठवलं. यादीत चार ठिकाणं होती. पहिलं, मुलांचा दवाखाना. आत बाळाचं वजन करणारी नर्स पाठमोरी होती. बाई दारातून म्हणाल्या, "काट्याचं काय म्हणणं आहे?" नर्सने बाळाला काट्यावरून उचललं, वळली आणि बाईंकडे बघतच राहिली. आवाज ओळखीचा, तोंड अनोळखी. मग तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि बाईंना मिठी मारली. सोळा वर्षं दोघी फोनवर बोलत होत्या. नर्सच्या मुलाचा पहिला दातसुद्धा बाईंना ठाऊक होता. बाळ माझ्याकडे बघून रडायला लागलं. त्याचं वजन अजून व्हायचं होतं.

तिथून पिठाची गिरणी, तिथून खिळे विकणारा, तिथून टपाल कचेरी. बाई वजनांची पिशवी खांद्यावर टाकून पुढे आणि मी घाम पुसत मागे. गिरणीवाल्याने त्यांना खुर्ची दिली तर त्या म्हणाल्या, नको, बसून झालं. टपाल कचेरीशी मी म्हटलं, बाई, बस पकडू. त्या म्हणाल्या की बस या रस्त्याने जात नाही. खरं तर जात होती, आमच्या अंगावरूनच गेली.

यादी तीनला संपली. परत निघालो तर बाजाराच्या तोंडाशी एका फळवाल्याचा काटा बाईंना तिरका दिसला. तो आमच्या यादीत नव्हता, काटाही आमच्या कंपनीचा नव्हता. बाई थांबल्या, खाली वाकून बघितलं, पिशवी जमिनीवर ठेवली. फळवाला विचारायला लागला, तुम्ही कोण, काय पाहिजे.

बाईंनी एक किलोचं पितळी वजन बाहेर काढलं. म्हणाल्या, "आधी काटा बघू, मग ओळख करून घेऊ."